सांगली ते एडिसन : घड्याळ बदलले, गोळीची वेळ काय?

मार्च-एप्रिल उजाडला की माझ्या दवाखान्यात एक वाक्य वरचेवर ऐकू येते. "डॉक्टरसाहेब, मुलाकडे चाललोय सहा महिने. तेवढ्या गोळ्या लिहून द्या." मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत, त्यातही पुष्कळदा न्यू जर्सी राज्यात, एडिसन या गावात किंवा त्याच्या आसपास. मी ब्लडप्रेशर पाहतो, गोळ्या लिहितो आणि मग विचारतो, "तिकडे गोळी किती वाजता घेणार?" उत्तर ठरलेले असते. "सकाळी आठला, नेहमीसारखी."

आता गोम अशी की, एडिसनमध्ये सकाळचे आठ वाजतात तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेपाच किंवा साडेसहा झालेले असतात. बॅग विमानातून उतरते, माणूस उतरतो, पण शरीर मात्र अजून सांगलीच्याच वेळेवर चालत असते. गोळी नेमकी कोणत्या घड्याळाने घ्यायची, हा प्रश्न ब्लडप्रेशरच्या पेशंटला फारसा त्रास देत नाही. इन्शुलिन घेणाऱ्याला आणि फिटच्या गोळ्या घेणाऱ्याला मात्र तो चांगलाच महागात पडू शकतो. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. सांगली साधारण साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. आणि गंमत पाहा, एडिसन जवळजवळ तितकेच अंश पश्चिमेला आहे. दोन्ही मिळून १४९ अंश. त्याला चाराने गुणले की ५९६ मिनिटे, म्हणजे ९ तास ५६ मिनिटे. सूर्य आपल्या डोक्यावरून सरकल्यावर सुमारे दहा तासांनी एडिसनकरांच्या डोक्यावर येतो. हा झाला सूर्याचा खरा फरक.

भिंतीवरचे घड्याळ मात्र सूर्याचे ऐकत नाही, सरकारचे ऐकते. आपली भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरून ठरते. त्यामुळे सांगलीत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, तर सरासरीने १२ वाजून ३२ मिनिटांनी. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईने आपला स्वतःचा 'बॉम्बे टाइम' सोडला नाही. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता आणि १९५५ पर्यंत टिकून राहिला. घरातल्या जुन्या माणसांकडून त्याच्या गोष्टी काहींनी ऐकल्या असतील.

अमेरिकेत आणखी एक भानगड आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. (या तारखा २००७ पासूनच्या. त्याआधी वेगळ्या होत्या.) म्हणून उन्हाळ्यात एडिसन आपल्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा तास. मुलाने "साडेनऊ तासांचा फरक" असे सांगितलेले आजोबा डोक्यात पक्के धरतात आणि नोव्हेंबरात गोंधळतात.

वजाबाकी नको असेल तर मी पेशंटना एक सोपी युक्ती सांगतो. आपल्या घड्याळात हिवाळ्यात दीड तास आणि उन्हाळ्यात अडीच तास मिळवा आणि दिवसाची रात्र करा. सांगलीत सकाळचे आठ, तर हिवाळ्यात एडिसनला आदल्या रात्रीचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेदहा. उलट जायचे असेल तर तेवढेच तास वजा करा आणि रात्रीचा दिवस करा.

आता शरीराकडे वळू. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, पेशींचे दोन लहानसे पुंजके असतात. ते आपले मुख्य घड्याळ. झोप, ताप-थंडी, भूक, लघवी, सकाळी उठवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक, या सगळ्यांच्या वेळा ते सांभाळते. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे काम फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर होते, पण तीच मूळ यंत्रणा आपल्यातही आहे. या घड्याळाला किल्ली देतो तो उजेड. डोळ्यात शिरणारा सकाळचा उजेड त्याला रोज थोडे थोडे जुळवून घेतो. दहा तासांची उडी मात्र त्याला एका रात्रीत पेलत नाही. पश्चिमेकडे जाताना ते साधारणपणे दिवसाला तास-दीड तास सरकते आणि पूर्वेकडे येताना त्याहून हळू. म्हणजे एडिसनला गेल्यावर पूर्ण रुळायला आठवडा ते दहा दिवस धरावेत आणि परत आल्यावर त्याहून थोडे जास्त.

हे कळले की तिथून येणाऱ्या फोनवरच्या निम्म्या तक्रारींची उत्तरे मिळतात. "आईला रात्री दोनला कडाडून भूक लागते." लागणारच! हिवाळ्यात एडिसनला रात्रीचे दोन म्हणजे सांगलीत दुपारचे साडेबारा, ताट वाढायची वेळ. "बाबांना सकाळी पोट साफ होत नाही, रात्री साडेआठला जावेसे वाटते." कारण इथे तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात. "रात्रीतून चार वेळा लघवीला उठतात, साखर वाढली का?" साखर एकदा जरूर तपासा, पण आपली मूत्रपिंडे रात्री लघवी कमी तयार करतात आणि दिवसा जास्त, आणि पहिले काही दिवस त्यांच्या लेखी एडिसनची रात्र हा दिवसच असतो. हे सगळे आपोआप निवळते. फक्त रात्री उठताना वाटेत मंद दिवा असू द्या. नव्या घरात अंधारात पडून खुब्याचे हाड मोडले तर सहा महिने तिथेच जातात, आणि तिथल्या दवाखान्याचे बिल वेगळे.

लवकर रुळायचे असेल तर पोहोचल्या दिवशी दिवसभर उजेडात राहावे, दुपारी डुलकी लागलीच तर अर्ध्या तासात उठावे, आणि रात्री आठ-नऊपर्यंत कसेही करून तग धरावा. पहाटे जाग आली तरी टीव्ही आणि मोबाईल लावू नये. तो उजेड थेट त्या पुंजक्यांपर्यंत पोहोचतो. (दिव्याचा बल्ब १८७९ मध्ये ज्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत यशस्वी झाला, ती जागा याच एडिसन गावात येते, आणि गावाला नावही १९५४ मध्ये त्याच थॉमस एडिसनचे दिले. माणसाच्या रात्रीची वाट लावण्यात त्यांचा वाटा मोठा, असे मी थट्टेने म्हणतो.) झोपेची गोळी घेऊन विमानात बसण्याच्या मी विरोधात आहे. साठीच्या पुढच्या माणसाला तिने गुंगी येते, तोल जातो, आणि तासन्तास पाय न हलवता बसल्यामुळे पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते.

आता मुख्य मुद्दा, औषधांचा. एक उदाहरण घेऊ. विमान मुंबईहून रात्री एकला सुटले आणि सोळा तास लागले असे धरा. आपल्या घड्याळाने संध्याकाळचे पाच वाजले. हिवाळा असेल तर तिथे त्याच तारखेची सकाळ, साडेसहा. माणूस रात्री निघाला, सोळा तास बसून राहिला, आणि उतरतो तेव्हा पुन्हा सकाळ! त्या दिवसाचे चोवीस तास नव्हतेच, साडेचौतीस होते. घोटाळा होतो तो इथेच.

माझ्या माहितीतल्या एका निवृत्त शिक्षकांना दोन वेळचे मिश्र इन्शुलिन चालू होते. मुंबईत रात्री आठला जेवणाबरोबर एक डोस झाला. विमानात स्वतःच्या घड्याळात सकाळचे आठ झाल्यावर त्यांनी सकाळचा डोस घेतला, तोही बरोबर. मग उतरण्याआधी तासभर नाश्ता आला, खिडकीबाहेर उजाडत होते, शेजाऱ्याने घड्याळ लावून दिले, आणि सरांनी 'सकाळ झाली' म्हणून सकाळचा पूर्ण डोस पुन्हा घेतला. आधीच्या डोसाला जेमतेम आठ तास झाले होते. नाश्ता बेचव म्हणून अर्धा टाकला. पुढे विमानतळावरची रांग, मोटारीचा प्रवास, घरी जाऊन "जरा पडतो" म्हणून झोपले. दुपारी सून उठवायला गेली तेव्हा अंग घामाने चिंब, आणि सर काहीतरीच बरळत होते. साखर पन्नाशीच्या खाली. गिळता येत होते म्हणून तिने साखरेचे पाणी पाजले आणि ते सावरले. बेशुद्ध असते तर तोंडात काहीही घालता आले नसते, कारण ते श्वासनलिकेत जाते.

म्हणून पहिला नियम असा. प्रवासात औषध "सकाळचे" किंवा "रात्रीचे" म्हणून घेऊ नका, आधीच्या डोसापासून किती तास झाले ते मोजून घ्या. त्यासाठी मनगटावरचे घड्याळ पोहोचून एक रात्र जाईपर्यंत सांगलीच्याच वेळेवर ठेवा. मोबाईलचे घड्याळ उतरल्याबरोबर आपोआप बदलते, त्याच्या भरवशावर राहू नका. जुने किल्लीचे घड्याळ या कामाला फार उत्तम.

दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी घ्यायच्या औषधांचे काम नशिबाने सोपे आहे. फरक जवळजवळ बारा तासांचा असल्यामुळे सकाळची वेळ रात्रीच्या जागी आणि रात्रीची सकाळच्या जागी जाऊन बसते. फिटची गोळी सांगलीत सकाळी आठ आणि रात्री आठ असेल तर हिवाळ्यात एडिसनला रात्री साडेनऊ आणि सकाळी साडेनऊ होते. वेळ बदलण्याची गरजच नाही, सहा महिने साडेनऊला घ्या. फिटच्या पेशंटने डोस चुकवणे आणि जागरण करणे या दोन्ही गोष्टी वाईट, आणि प्रवासात त्या जोडीने येतात. त्याच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच हव्यात. रक्त पातळ ठेवणाऱ्या, दिवसातून दोनदा घ्यायच्या नव्या गोळ्यांनाही हाच हिशेब लागू.

दोन वेळच्या इन्शुलिनची वेळही अशीच बसते, पण त्यात एक मेख आहे. बहुतेकांचा सकाळचा आकडा मोठा असतो आणि रात्रीचा लहान. एडिसनच्या पहिल्या नाश्त्याला शरीराच्या लेखी संध्याकाळ असते. मग कोणता आकडा घ्यायचा? याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असते आणि ते वर्तमानपत्रातून देता येत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी तिकीट घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा, विमानाच्या वेळा दाखवा, आणि पहिल्या दोन दिवसांचे डोस वेळेसकट कागदावर लिहून घ्या. मी स्वतः त्या दोन दिवसांत साखर किंचित चढी राहिलेली चालवून घेतो. एक दिवस २०० राहिली तर काही बिघडत नाही, ५० झाली तर बिघडते. ताट समोर आल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नये आणि टोचण्याआधी मशीनवर साखर पाहावी. चोवीस तास चालणारे, दिवसातून एकदाच घ्यायचे इन्शुलिन रात्री दहाला घेत असाल तर ते हिवाळ्यात एडिसनला सकाळी साडेअकराला येते. तिथेच ठेवले तरी चालते. हलवायचेच असेल तर डॉक्टरांना विचारून रोज तास-दोन तास असे हळूहळू हलवावे.

साखरेच्या ज्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या, ग्लिमेपिराइडसारख्या, त्या घड्याळाला नव्हे तर ताटाला बांधलेल्या. जेवण नाही तर गोळी नाही. ब्लडप्रेशरची एक वेळची गोळी पाच-सात तास इकडेतिकडे झाली तरी घाबरू नका, पण एकाच दिवसात दोन घेऊ नका. थायरॉईडची गोळी शरीरात आठवडाभर रेंगाळते. तिथे गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या पोटी सुरू करा, झाले.

वेळेचा नव्हे पण याच प्रवासातला एक धोका सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्याकडे इन्शुलिनची जी बाटली सर्रास मिळते ती एका मिलीलिटरला ४० युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपीची. अमेरिकेत माणसांसाठीचे नेहमीचे इन्शुलिन १०० युनिटचे, सिरिंज नारिंगी टोपीची. इथली बाटली संपली, तिथली घेतली, आणि सिरिंज मात्र पिशवीतली लाल टोपीची वापरली, तर २० च्या रेषेपर्यंत भरल्यावर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. अडीचपट! जीव जाऊ शकतो. बाटली जिथली, सिरिंज तिथलीच. (४० ची सिरिंज तिकडे मिळते ती बहुधा कुत्र्यामांजरांच्या इन्शुलिनसाठी.) इन्शुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका. विमानाच्या पोटात ते गोठू शकते, आणि गोठलेले इन्शुलिन निकामी. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्या, कंपनीची नव्हेत. आपले पॅरासिटामॉल तिथे ॲसिटॅमिनोफेन होते आणि दम्याचे सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल.

तिथले दिवस-रात्रही आपल्यासारखे नाहीत, हे राहायला गेल्यावर कळते. सांगलीत सर्वात मोठा दिवस तेरा तासांचा आणि सर्वात लहान अकराचा. एडिसन बरेच उत्तरेला असल्यामुळे तिथे जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा आणि डिसेंबरात सव्वानऊ तासांचा. जूनमध्ये दिवेलागण साडेआठनंतर होते. "अजून सूर्य आहे, एवढ्यात कसे जेवायचे?" असे म्हणत म्हातारी माणसे दहाला जेवतात आणि मग रात्रभर आंबट ढेकर. तिथे सूर्याकडे न बघता घड्याळाकडे बघून साडेसातला जेवावे. डिसेंबरात उलट, साडेचारला अंधार. बाहेर थंडी, घरात मुले कामावर, आणि इथे दिवसभर कट्ट्यावर रमणारे आजोबा खिडकीशी गप्प बसून राहतात. उजेड कमी पडल्यामुळे हिवाळ्यात येणारी ही उदासी वैद्यकाला १९८४ पासून नावानिशी माहीत आहे. सकाळी उजाडल्यावर गरम कपडे घालून अर्धा तास बाहेर चालणे हा तिच्यावरचा पहिला उपाय, आणि औषधांची गरज लागली तर त्यातही कमीपणा नाही.

उपासाचेही सांगतो. संकष्टीला तिथे उन्हाळ्यात चंद्रोदय रात्री अकराच्या आसपासही जातो, आणि तिथीची तारीखही कधी इथल्याहून वेगळी येते. माझ्या एका पेशंट आजी इथल्या तारखेची एक आणि तिथल्या पंचांगाची एक अशा दोन्ही चतुर्थ्या धरायच्या. साखरेची गोळी घेऊन! पोहोचल्यावर पहिला पंधरवडा उपास नको, हे मी आता चिठ्ठीवरच लिहून देतो.

जे इथेच मागे राहतात त्यांनाही हा फरक भोवतो. तिकडचा मुलगा ऑफिसातून सातला सुटून फोन करतो तेव्हा इथे पहाटेचे साडेचार किंवा साडेपाच. ब्लडप्रेशरच्या आईने रोज त्या फोनसाठी चारला उठून बसणे मला पसंत नाही. त्याने सकाळी कामाला जाताना आठला करावा, इथे तेव्हा संध्याकाळ असते आणि दोघेही जागे असतात. पुण्यात रात्रपाळी करून अमेरिकेच्या वेळेने कामे करणारी आपली पोरे तर सांगलीला न सोडता एडिसनमध्ये राहतात, असेच म्हणायचे. घड्याळ उलटेपालटे करणाऱ्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा कर्ककारक' गटात घातले आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवले. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

परतीच्या प्रवासात दिवस आखडतो. रात्री नऊला निघालेला माणूस चौदा-पंधरा तासांनी उतरतो तेव्हा मुंबईत पुन्हा रात्रच असते, मधला एक अख्खा दिवस विमानात गेलेला. तासांचा नियम तोच, घड्याळ या वेळी एडिसनचे ठेवायचे. पूर्वेकडे येताना झोप बसायला जास्त दिवस लागतात, पहाटे तीनपर्यंत डोळा लागत नाही आणि दुपारी उठवत नाही. त्या आठवड्यात लगोलग उपाशीपोटीची साखर तपासून रिपोर्ट घेऊन येऊ नका. शरीराच्या लेखी तो सकाळचा नमुना नसतोच आणि त्या आकड्यावर डोस बदलणे चुकीचे ठरते. दहा-बारा दिवस जाऊ द्या, मग या. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी मात्र केव्हाही केली तरी चालते, तिला वेळेचे बंधन नाही.